लग्न, पोटगी, वाटणी, मृत्युपत्र : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुटुंब न्यायालयाच्या बाकावर असो की लग्नाच्या पंगतीत, वकिलाला फिरून फिरून तेच प्रश्न विचारले जातात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांच्या आधी एक वाक्य ठरलेलं असतं : "पुण्याचे भावजी तर असं म्हणाले." भावजींचं फारसं चुकत नाही. विवाह, वारसा, पोटगी यांचे कायदे केंद्राचे आहेत आणि ते पुण्यात जसे तसेच इंदुरात. पण अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, नोंद कोण करतो, कागद कुठल्या भाषेत लागतो हे राज्यागणिक बदलतं, आणि आपली माणसं अडकतात ती तिथेच.

उत्तरं मुख्यतः हिंदू कायद्याला धरून आहेत. जे सगळ्यांना लागू आहे तिथे तसं म्हटलं आहे. पाऊल उचलण्याआधी आपले कागद वकिलाला एकदा दाखवा.

१. लग्न वाजतगाजत झालं, पत्रिका आहे, अल्बम आहे. तरी नोंदणी हवीच का?

हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला राज्यांना सांगितलं आणि मध्य प्रदेशाने २००८ मध्ये त्याचे नियम केले. इंदूर शहरात हे काम नगर निगम करतं. नोंदणी नाही म्हणून लग्न खोटं ठरत नाही, पण फॅमिली पेन्शन, व्हिसा, विम्याचा दावा अशा वेळी अल्बम दाखवून भागत नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली असली तरी आता करून घ्या. साक्षीदार हयात आहेत तोवर ते सोपं जातं.

२. मुलगा अमेरिकेत आहे. व्हिसासाठी सर्टिफिकेट आधी काढून ठेवू, लग्न डिसेंबरात लावू. चालेल?

नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे लग्न विधीने होतं; सप्तपदी जिथे विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर ते पूर्ण होतं. विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने नवरा-बायको होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं. डिसेंबरच्या आधी दोघांत बिनसलं, तर "लग्न झालंय की नाही" यावरच खटला उभा राहतो.

विधी नकोच असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य, मग तीस दिवसांची नोटीस, आणि विवाहाच्या वेळी तीन साक्षीदार. इंदुरात हा अर्ज कलेक्टर कार्यालयात, म्हणजे मोती तबेल्यात द्यायचा. यात धर्म किंवा जात आड येत नाही.

३. मामेबहिणीशी लग्न ठरतंय. कायद्याने चालतं का?

एरवी नाही. भाऊ-बहिणीची मुलं एकमेकांना निषिद्ध नात्यात येतात. पण दोघांच्याही घरात ती रूढी असेल तर कायदा आड येत नाही, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत ती आहेच. वाद झालाच तर रूढी सिद्ध करायची जबाबदारी तिचा आधार घेणाऱ्यावर असते. घरात आधी अशी लग्नं झाली असतील तर त्यांची माहिती लिहून ठेवा.

४. लग्नात नाव बदललं. आता आधारवर एक, समग्रमध्ये (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) दुसरं, माहेरच्या कागदांत तिसरं. काय करू?

हा खास आपला घोळ आहे. तांदळात अंगठीने लिहिलेलं नवं नाव सासरच्या रेशनकार्डावर चढतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव राहतं. इथल्या ऑपरेटरला मधलं नाव नवऱ्याचं असतं हे ठाऊक नसतं, म्हणून तो समग्र आयडीत ते गाळून टाकतो. मग वडिलांच्या मिळकतीत वारस म्हणून उभं राहायची वेळ आली की "कुसुम दत्तात्रय" आणि "मृणाल अविनाश" एकच बाई, हे पटवून देता देता नाकी नऊ येतात.

लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलण्याची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. बदललं असेल तर विवाह नोंदणीच्या कागदावर आधीचं नावही येईल असं पाहा. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं नोटरीसमोर शपथपत्र करा. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावं, कारण शपथपत्र काही ठिकाणी मानतात आणि काही ठिकाणी मानत नाहीत. यापुढे लग्न होणाऱ्यांना माझा सल्ला : हौस म्हणून नाव ठेवा, हाक मारा, पण कागदावर नेऊ नका.

५. मुलगी पुण्याला दिली होती, आता माहेरी परत आली आहे. केस पुण्यातच लढवावी लागेल का?

नाही. घटस्फोटासाठी पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तर ती तात्पुरती राहत असली तरी चालतं. सासरच्या छळाची फिर्यादही जिथे आसरा घेतला तिथे देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं आहे.

नवऱ्याने पुण्यात आधीच दावा लावला असेल तर तो आपोआप इकडे येत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रकरण वर्ग करायला सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तोवर पुण्याची तारीख चुकवू नका. एकतर्फी निकाल लागला तर तो फिरवायला दुप्पट धावपळ होते.

६. दोघांची संमती आहे. घटस्फोट किती दिवसांत मिळतो?

आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग पहिला अर्ज, त्यानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत दुसरा. मधले सहा महिने माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे (सर्वोच्च न्यायालय, २०१७). मात्र त्यासाठी दोघं पुरेसा काळ वेगळे राहिलेले हवेत, समेट फसलेला हवा आणि पैसे, मुलं, दागिने यांचं सगळं ठरलेलं हवं. दागिन्यांचं "नंतर बघू" ठेवलं तर ही सवलत मिळणं अवघड.

"वेगळं राहणं" म्हणजे वेगळ्या घरातच राहणं असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायकोचे संबंध संपलेले असू शकतात. आणि निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत अर्ज करायचा असेल तर असाधारण त्रास दाखवून आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

७. स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून घेतली, पंचांच्या सह्या आहेत. पुरे ना?

नाही. ज्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी सिद्ध करता येते तेवढाच अपवाद. बाकीच्यांनी त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न शून्य ठरतं. पुढचं प्रश्न १७ मध्ये.

८. बायको नोकरी करते. तरी पोटगी द्यावी लागेल?

लागू शकते. नोकरी आहे एवढ्याने हक्क जात नाही. तिचा पगार त्या घरातल्या राहणीमानाला पुरतो का हे न्यायालय पाहतं. "पगाराचा पाव हिस्सा" हा ठरलेला नियम आहे असं लोक समजतात, तसा काही नियम नाही. २०२० पासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्जं यांचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून तारखा लांबवण्यात नवऱ्याचा फायदा नाही, थकबाकी वाढत जाते. दोन कायद्यांखाली दोन अर्ज करता येतात, पण एकातली रक्कम दुसऱ्यात सांगावी लागते.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे (१ जुलै २०२४ पासून). हे सर्व धर्मांना लागू आहे. या कलमाचा देशभर गाजलेला खटला आपल्याच गावचा. शहाबानो इंदूरच्या. नवरा इथलाच वकील. इथल्या दंडाधिकाऱ्यांनी १९७९ मध्ये त्यांना महिना २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क कायम केला. पुढच्याच वर्षी संसदेने वेगळा कायदा केला, तरीही घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला हे कलम खुलं आहे असं २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट झालं.

याच कलमाखाली म्हातारे आई-वडीलही मुलाकडे, मुलीकडेही, पोटगी मागू शकतात.

९. घर सासऱ्यांच्या नावावर आहे. ते म्हणतात, "माझं घर, तू निघ." निघावं लागेल?

लगेच नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये "सामायिक घरात" राहण्याचा हक्क आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो लागू होऊ शकतो (सर्वोच्च न्यायालय, २०२०). हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. न्यायालय तिला त्याच घरात राहू देईल किंवा नवऱ्याला तशाच दर्जाचं दुसरं घर भाड्याने द्यायला सांगेल.

सासू-सासऱ्यांकडूनही हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. त्यांना शांतपणे राहण्याचा हक्क आहेच, पण ज्येष्ठ नागरिक कायद्याचा वापर केवळ सुनेला बाहेर काढायला करता येत नाही. दोन्ही हक्क तोलून पाहिले जातात. सुनेने अर्ज करायचा तो दंडाधिकाऱ्यांकडे, किंवा संरक्षण अधिकारी आणि वन स्टॉप सेंटर (अडचणीतल्या स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र) यांच्यामार्फत. मारहाण झाली तरच हिंसाचार, असं नाही. घरखर्चाला पैसे न देणं, पगार काढून घेणं हेही त्यात येतं.

१०. माझे दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत. परत मागता येतील?

येतील. ते स्त्रीधन आहे. माहेरचं, सासरचं, आहेरात आलेलं, जे तुम्हाला दिलं ते तुमचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं की सासरचे फक्त सांभाळणारे असतात. मागूनही देत नसतील तर तो विश्वासघाताचा गुन्हा.

अडचण हक्काची नसते, पुराव्याची असते. भेटवस्तूंची दोघांच्या सहीची यादी ठेवायला १९८५ चे नियम सांगतात. ती करणारं घर मी क्वचित पाहिलं, यादी काढली की "आमच्यावर विश्वास नाही का?" सुरू होतं. मग निदान एवढं करा. सराफाची बिलं आईकडे ठेवा. पाटल्या, तोडे, ठुशी, मोहनमाळ यांचं वजन ग्रॅममध्ये लिहा आणि त्याच कागदाशेजारी दागिना ठेवून फोटो काढा.

११. सुनेने महिला थान्यात तक्रार दिली आहे. आम्हाला लगेच अटक होईल का?

तसं सहसा होत नाही. सासरच्या छळाचं जुनं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, म्हणून २०१४ च्या निकालाप्रमाणे पोलिसांनी आधी नोटीस द्यायची आणि अटक का हवी हे लिहून ठेवायचं. नोटीस आली की ठरल्या वेळी हजर व्हा. गावाला निघून जाणं हाच सगळ्यात महाग पडणारा सल्ला, आणि नातेवाईक नेमका तोच देतात. समुपदेशनासाठी बोलावलं असेल तर तिथे न वाचता सही करू नका.

१२. घटस्फोटानंतर मुलं कुणाकडे?

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे. त्यापुढे मुलाचं हित पाहिलं जातं आणि ते जाणतं असेल तर त्याचं म्हणणंही ऐकलं जातं. कमाई जास्त म्हणून ताबा मिळत नाही. अर्ज मूल नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात. इथे प्रश्न ५ ची सवलत चालत नाही.

१३. वडील २००५ च्या आधी वारले. बहिणीला हिस्सा आहे का?

आहे. सर्वात जास्त येणारा प्रश्न हा, आणि भाऊबिजेनंतरच्या आठवड्यात तर हमखास. आधी मिळकत कुठली ते पाहा.

वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि वडिलांची आई यांना समान वाटा. हे १९५६ पासून आहे, २००५ चा त्याच्याशी संबंध नाही.

एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः हिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला ठरवलं. अपवाद इतकाच की २० डिसेंबर २००४ च्या आधी खरीखुरी वाटणी किंवा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही. "तोंडी वाटणी झाली होती" हे भावांचं नेहमीचं उत्तर, पण सरकारी कागदाचा भक्कम आधार नसेल तर न्यायालय ते मानत नाही.

यात एक मेख आहे. आजोबांची स्वतःची कमाई त्यांच्या पश्चात १९५६ नंतर वारसाने वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांच्या हातात त्यांची स्वतःची ठरते. "आजोबांची म्हणून वडिलोपार्जित, म्हणून जन्मतः माझी" असं म्हणून मुलगा वडिलांना विक्रीपासून अडवू शकत नाही. बहिणीचं लग्न, हुंडा, शिक्षणाचा खर्च यांनी तिचा वाटा फिटत नाही.

१४. घर इंदुरात, शेत जळगावकडे. वारस-नोंद आणि हक्कसोड कुठे करायची?

शेताची तिकडे, घराची इकडे. महाराष्ट्रातल्या जमिनीची वारस-नोंद तिथल्या तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि फेरफार सातबाऱ्यावर. मध्य प्रदेशात शेत असेल तर पटवारी, तहसीलदार, खसरा. इंदूरच्या घरासाठी नगर निगमाच्या मालमत्ता कराच्या खात्यात नामांतरण. सातबारा मागायला इथल्या तहसिलीत गेलात तर समोरचा तुमच्याकडे नुसता पाहत राहील.

हक्कसोडपत्र नोंदवलेलंच हवं आणि जिथे मिळकत तिथल्या निबंधकाकडे. बहिणीने इंदुरात नोटरीकडे लिहून दिलेला कागद शेताच्या कामाचा नाही. वाटणीचा दावा मात्र एकाच ठिकाणी लावता येतो : मिळकतीचा काही भाग इंदुरात असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १७ खाली इथलं न्यायालय चालतं.

बहिणींना एक सांगणं. "फक्त नोंदीसाठी सही हवी" असं म्हणून पुढे केलेला कागद घरी आणून वाचा. वाटा सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण सोडतो आहोत हे माहीत असून सोडा.

१५. भावाने परस्पर नामांतरण करून घेतलं. आता घर त्याचं झालं?

नाही. नामांतरण कर कुणाकडून घ्यायचा यासाठी असतं, त्याने मालकी मिळत नाही. तरी गप्प बसू नका. त्या नोंदीविरुद्ध अपील करा, आणि विक्रीची कुणकुण लागली असेल तर दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम घ्या.

१६. बँकेत नॉमिनी मी आहे. पैसे माझेच ना?

बँक तुमच्या हातात देईल, पण ते वारसांसाठी. शेअर्सबाबतही तेच, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं. विम्यात थोडा फरक आहे : २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानली जाते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी करता येतात, पण त्याने वारसांचा हक्क बदललेला नाही.

१७. दुसऱ्या लग्नाची मुलं वारस होतात का?

पहिली बायको हयात, घटस्फोट नाही, तर दुसरं लग्न शून्य. पण मुलं औरस मानली जातात. आई-वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत त्यांना वाटा आहे आणि २०२३ च्या निकालाप्रमाणे एकत्र मिळकतीतल्या वडिलांच्या हिश्श्यातही. काका-आजोबांच्या हिश्श्यात नाही. दुसरी बायको वारस होत नाही, तरी कायमची पोटगी ती मागू शकते (२०२५).

१८. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं?

चालतं. स्टँप नको, नोंदणीची सक्ती नाही, इंदूरच्या मिळकतीसाठी प्रोबेटचीही (न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची) नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि करणाऱ्याची सही किंवा कबुली त्यांच्यासमोर झालेली हवी. ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार करू नका. आपल्यापेक्षा तरुण साक्षीदार निवडा, कारण पुढे न्यायालयात त्यांनाच बोलावतात. नोंदणी केली तर चांगलंच, पण नोंदलेलं मृत्युपत्रही नंतरच्या साध्या मृत्युपत्राने रद्द होतं.

१९. काकू विधवा, मूलबाळ नाही, फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतलेला. त्यांच्यामागे तो कुणाचा?

ऐकून धक्का बसेल. मृत्युपत्र नसेल तर तो नवऱ्याच्या वारसांचा. दीर, पुतणे आधी. काकूंची स्वतःची आई हयात असली तरी ती त्यांच्यानंतर. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ मध्ये हाच क्रम आहे. माहेरहून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. काकूंनी भाचीला द्यायचं मनात धरलं असेल तर प्रश्न १८ त्यांना आजच वाचून दाखवा.

२०. घर मुलाच्या नावे दानपत्राने केलं. आता तो विचारत नाही. परत मिळेल?

मिळू शकतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या) न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं हे दिसावं लागतं. मध्य प्रदेशातल्याच एका आईच्या प्रकरणात मुलाने वेगळ्या कागदावर सांभाळायचं वचन दिलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दानपत्र रद्द केलं. अजून दानपत्र केलं नसेल तर अट त्याच दस्तात लिहा. त्याहून बरं, दानपत्राऐवजी मृत्युपत्र करा. ते हयातीत बदलता येतं. याच न्यायाधिकरणात महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्चही मागता येतो.

२१. वकील परवडत नाही.

स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा न्यायालयात "जिला विधिक सेवा प्राधिकरण" अशी पाटी शोधा किंवा १५१०० वर फोन करा. लोकअदालतीत तडजोड केलीत तर त्यावर अपील नसतं, तेव्हा आकडे पक्के झाल्यावरच सही.

२२. आजोबांचे कागद मराठीत आहेत, काही तर मोडीत. इथल्या कोर्टात चालतील?

चालतील, पण सोबत हिंदी भाषांतर लागतं. मोडी असेल तर आधी जाणकाराकडून देवनागरीत लिप्यंतर, मग भाषांतर, आणि दोन्हींवर करणाऱ्याची सही व शपथपत्र. होळकरशाहीतले वाड्यांचे कागद इंदुरातल्या कितीतरी घरांत ट्रंकेत पडून आहेत. वाद नसतानाच ते वाचून घ्या, कारण मोडी वाचणारे आता शोधावे लागतात. मूळ कागद न्यायालयात देण्याआधी प्रमाणित प्रत काढा. आणि जपून ठेवायचा म्हणून त्याला लॅमिनेशन करू नका. सही-शिक्का तपासायची वेळ आली की तो प्लास्टिकमधून काढता येत नाही.